भिंतीआडची नळी

घुग्घुस, ८ ऑक्टोबर २०२३

सुकरीबाई,

तू रागात आहे, तरी पाया पडते. फोन तू उचलत नाई, म्हनून पोस्टानं लिवून राह्यली. तुले वाचता येत नाई, म्हंजे हे पत्र दामिनीच वाचून दाखवन. दामिनी, मोठ्यानं वाचजो माय. मधातलं काही गाळजो नोको.

तू पोरीले दवाखान्यातून गावी नेलं त्याले आज सतरा रोज झाले. तिची कावीळ उतरली का, जेवाले लागली का, काहीच समजलं नाई. तिचा शाळेचा ड्रेस अजून खुंटीवरच आहे. काल शाळेतल्या मॅडम रस्त्यात भेटल्या. म्हने, नववीत पयल्या पाचात आहे तुमची भाची, कवा येते? मी म्हनलं, येईन दिवाळीनंतर. दुसरं काय सांगू?

तू वार्डाच्या दारात म्हनली, "पोरगी शिकाले ठेवली होती तुह्याकडे, मराले नाई." सारे पाहून राह्यले होते. मले राग नाई आला बाई. गावातली शाळा सातवीपर्यंत, म्हनून तू लेक माह्या भरोशावर देल्ली. एक वर्सावर ती या झोपडीत राह्यली. कोळशाची धूळ, ट्रकाचा आवाज, पन कधी कुरकूर केली नाई. अंकुशले आन मले लेकरू नाई, तुले माहीत आहे. तो रेल्वेच्या कोळसा साइडिंगवरून ड्युटी करून आला का पयले तिलेच विचारे, आज काय शिकवलं.

पन दोष कोनाचा तेही आयकून घे. आमच्या वस्तीत एकशेचाळीस घरं आन सार्वजनिक नळ एकच, तोही खालच्या टोकाले. एक दिवसाआड पाऊन घंटा पानी. तेही गढूळ. कोनी साहेब पाहाले येत नाई. त्या पान्यानंच पोरीचा घात केला. आमी काय करनार?

दामिनी तापात काहीबाही बडबडत होती, तू आयकलं असन. तापातल्या लेकराचं मनावर घेऊ नोको.

भाऊजीले नमस्कार सांगजो.

तुह्यी लहान बहीन,
मैना


घुग्घुस, २ नोव्हेंबर २०२३

बाई,

तुह्यं उत्तर आलं नाई. तरी लिवते, कारन इथी जे झालं ते कोनाजवळ बोलता येत नाई.

रीना गेली.

तुले आठवते का ते माहीत नाई. तू दवाखान्यात आली होती तवा एक पोटुशी बाई डब्यात वरनभात घेऊन आली होती, दामिनीच्या केसातला गुंता काढत बसली होती, तीच रीना. आमच्या चार घरं खाली ललिताकाकू राह्यते, तिची सून. कोरपन्याकडची पोरगी. कापूस वेचून वेचून बोटं चिरलेली, पन दामिनीची वेनी अशी घाले का शाळेतल्या पोरी विचारत, कोन घालून देते म्हनून. सातवा महिना चालू होता.

दसऱ्याच्या आंगंमांगं तिले उलट्या सुरू झाल्या. सारे म्हनले, पोटुशी आहे, होते असं. मंग डोळे पिवळे झाले. चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीनबाईनं लय केलं, दोन रोज घरी गेली नाई म्हनते. पन पोटुशीले ही कावीळ झाली तर वाचवनं कठीन असते म्हने. लेकरू पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी ती.

वस्तीत आता अकरा जन पिवळे आहेत. डॉक्टरीनबाईनं ललिताकाकूले सांगतलं, हे घान पान्यातून येते. काकू रडली नाई. दारात बसली आन ज्याले त्याले एकच सांगे, "पान्यानं खाल्लं. माह्या सुनेले पान्यानं खाल्लं."

तेराव्या दिवसाची वाट न पाहता बाया जमल्या. ठरलं, नगरपरिषदेच्या ऑफिसवर मोर्चा न्यायचा. अर्ज कोन लिवन, समोर कोन बोलन, तर सगळ्यायनं माह्याकडे पाह्यलं. मी नववी शिकली, ड्रायव्हरायच्या खानावळीत पोळ्या करते, चार मानसायशी बोलाची सवय आहे. मी म्हनलं, मले नाई जमत. ललिताकाकू म्हनली, "काऊन नाई? तुह्यीच तर भाची पयली आजारी पडली."

मी अर्ज लिवला.

दामिनीले रीनाचं जरा संभाळून सांगजो. नाई, पन हे तीच वाचून राह्यली असन. दामिनी, रडजो नोको माय.

मैना


घुग्घुस, २४ नोव्हेंबर २०२३

बाई,

मोर्चा झाला. बेचाळीस बाया, डोक्यावर पान्याचे रिकामे गुंड. मी सगळ्यायच्या समोर. गळा बसला माह्या ओरडून ओरडून.

साहेबानं खुर्चीतून उठून अर्ज घेतला. दुसऱ्याच दिवशी एका पोरसवदा इंजिनिअरले धाडलं, स्वप्निल त्याचं नाव. मले वाटलं, येईन, फोटो काढन, जाईन. पन तो पायात गमबूट घालून आला आन दोन रोज वस्तीतच फिरला. टाकीचं पानी बाटलीत घेतलं, वस्तीच्या वरच्या टोकाले लाईनीचं घेतलं, मंग खालच्या नळाचं. आठवड्यानं येऊन त्यानं सगळ्यायले चौकात बोलावलं.

म्हने, "टाकीतलं पानी चांगलं आहे. वरच्या टोकाले बी चांगलं आहे. खराब होते ते मधात, तुमच्या वस्तीत. मोठी लाईन नालीच्या काठानं जाते. तिले कोनीतरी भोकं पाडून चोरून नळ्या घेतल्या. पानी चालू असते तवर ठीक, जोरात भायेर येते. पानी बंद झालं का लाईन रिकामी होते आन ओढून घेते. नळीचा जोड सैल असन तर नालीतलं सारं आत. मंग पुढच्या खेपेले पानी सोडलं का ते खालच्या नळाले."

एवढं आयकलं आन लोकं भडकले. आमचंच मानूस मेलं आन आमालेच चोर म्हनता? गरीब दिसलो म्हनून? कोनी म्हनलं, चपला काढा. बाई, सगळ्यात मोठ्यानं मी ओरडली. मी म्हनलं, "साहेब, तुमच्या चुका आमच्या माथी मारू नका!" लोकायनं टाळ्या वाजवल्या.

स्वप्निलसाहेब रागावला नाई. माह्याकडे पाहून म्हनला, "काकू, एकच सांगतो. सगळ्या नळ्या काढल्या तर मी लाईन नालीतून उचलून नवीन टाकाचा प्रस्ताव देतो. सात जागी नळ होतीन. पन नळ्या कुठी आहेत ते मले दिसत नाई. जमिनीखाली, भिंतीखाली आहेत. तुमीच दाखवल्या तर."

लोकं एकएक करून घराकडे वळले. कोनाच्या घरी नळी आहे काय माहीत.

घरी आता मी पानी उकळूनच घेते. अंकुश आजकाल घरात फार बोलत नाई. मांगच्या भिंतीपाशी सरपन रचून ठेवलं आहे, म्हनलं ते हलवून झाडून घेते, तर माह्या अंगावरच आला.

दामिनीची शाळा बुडून राह्यली. तिले दुसरीकडे कुठी टाकता येते का पाहा. माह्यावरचा राग तिच्या पुस्तकावर काढू नोको.

मैना


घुग्घुस, ११ डिसेंबर २०२३

बाई,

आजचं पत्र वाचाच्या पयले दामिनीले बाजूले बसव, तिच्या पाठीवर हात ठेव. मंग तिले वाचू दे.

पयल्या पत्रात मी लिवलं होतं, तापातल्या लेकराचं मनावर घेऊ नोको. ते मी जानून लिवलं. पोरगी तापात "नळी, नळी" म्हनत होती, ते खरं होतं. नळी आमच्या घरी आहे. सरपनाच्या मांगं.

मार्च महिन्यातली गोठ. नळाची रांग पहाटेपासून लागे. मी खानावळीत, अंकुश ड्युटीवर, म्हनून दामिनीच रांगेत उभी राहे. पान्याच्या दिवशी पयला तास हमखास बुडे. एक दिवस अंकुश ड्युटीवरून येता येता पाह्यते तर पोरगी गुंड उपडा घालून त्याच्यावर बसली आन मांडीवर वही ठेवून गनितं सोडवून राह्यली. त्याच रविवारी तो बुधू मिस्त्रीले घेऊन आला. लाईनीले भोक पाडलं, काळी नळी टाकली, नालीतून, आमच्या भिंतीखालून. घरात पानी आलं तवा मले एवढा आनंद झाला का मी दामिनीले उचललं. चोरी वाटलीच नाई. पानीच तर घेतलं, कोनाचं सोनं घेतलं का, असं वाटलं. वस्तीत आनखी लोकायनंही अशाच घेतल्या होत्या.

ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली. दामिनी म्हनली, "मावशी, पान्याले वास येऊन राह्यला." मी नाकाशी नेलं. येत होता बाई. मी म्हनलं, फडक्यानं गाळून घे. दोन रोजानं ती पुन्हा म्हनली, "मावशी, हे पिऊ नये." मी खानावळीतून दमून आली होती. मी तिच्यावर खेकसली. म्हनलं, "एवढा नखरा असन तर गावी जा आन तलावाचं पी." आन वरून सांगतलं, "नळीची गोठ कोनाजवळ काढजो नोको. तुह्या आईजवळही नाई. मामाले पोलीस धरून नेतीन." अंकुशले ती मामा म्हने ना.

ती आजारी पडली तवा मी पयले चार रोज झाडपाला देनाऱ्याकडे नेत राह्यली. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर विचारन, घरी पानी कुठचं, याची भीती. पाचव्या दिवशी शुद्ध हरपली तवा नेलं. अंकुशनं त्याच सांजी नालीत हात घालून पाह्यलं. जोड निसटला होता, आत काळा गाळ. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, आन आमी दोघं गप्प बसलो. नळी काढली नाई. पट्टी टिकली का नाई ते बी पाह्यलं नाई.

तुह्या पोरीनं मले दोनदा सांगतलं होतं. तिनं तोंड उघडलं नाई ते माह्या धाकानं. तिच्यावर रागावू नोको. जे बोलाचं ते मले बोल.

उद्या मी ललिताकाकूकडे जाते. पयले तुले सांगावं वाटलं, म्हंजे मंग मांगं फिरता येनार नाई.

मैना


घुग्घुस, १४ जानेवारी २०२४

बाई,

तू उत्तर देत नाई, तरी पुढचं सांगते.

मी गेली तवा ललिताकाकू सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी खाली बसली आन सारं सांगून टाकलं. तिनं तांदूळ निवडाचा हात थांबवला नाई. माह्यं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुले हे समजलं कवा?"

मी म्हनलं, "दामिनीले दवाखान्यात नेलं तवाच."

काकूनं सूप बाजूले ठेवलं. म्हनली, "म्हंजे रीना तवा चांगली होती. त्याच नळाचं पानी भरत होती. तुह्या भाचीले डबा आनून देत होती."

"हो."

"तू तिले एवढंही नाई सांगतलं का, बाई, पानी उकळून पी?"

नळीचं नाव न घेताही तेवढं सांगता येत होतं. तेवढंसुद्धा मी केलं नाई. ललिताकाकू उठली, आत गेली आन दाराची तट्टी लावून घेतली. मी भायेर किती वेळ बसली माहीत नाई.

घरी येऊन अंकुशले सांगतलं. तो म्हनला, "मी कोनासाठी केलं? माह्यासाठी केलं का?" मी म्हनलं, "तू पोरीसाठी केलं, ते खरं. पन पट्टी गुंडाळून गप्प बसलो, ते आपल्यासाठी." त्यानं शर्ट घातला आन निघून गेला. अकरा रोज आला नाई. साइडिंगवरच झोपत होता म्हने.

रविवारी चौकात सभा होती. मी उभी राह्यली आन म्हनलं, "माह्या घरी नळी आहे. मी साहेबावर ओरडली ते खोटं होतं." पयले कोनाले समजलंच नाई. मंग जे झालं ते लिवत नाई. माह्या टिनाच्या छपरावर त्या रोजी दगड पडले. खानावळीतही दोन रोज पोळ्या लाटाले कोनी बाजूले बसलं नाई.

दुसऱ्या सकाळी मीच कुदळ घेतली. सरपन काढलं आन भिंतीपाशी खोदाले लागली. दोन हात खोल जावं लागलं. लोकं उभे राहून पाहत होते. मी नळी ओढून काढली आन नालीच्या काठावर सगळ्यायच्या समोर ठेवली. काळी, बुळबुळीत. तिचा वास आला आन एक म्हातारी तोंडाले पदर लावून ओकली.

चार रोज काहीच झालं नाई. पाचव्या रोजी झाडूकाका आले, गल्लीतले सगळ्यात म्हातारे, आन म्हनले, "मैनाबाई, कुदळ दे. माह्या चुलीखाली एक आहे." मंग दोन घरं. मंग सहा. काही लोकायनं अंधारात काढून फेकून देल्ल्या, सकाळी नालीत दिसल्या. काही घरायनं शेवटपर्यंत कबूल केलं नाई, त्यायच्या नळ्या स्वप्निलसाहेबानं लाईन उघडून शोधल्या. एकंदर एकतीस. नेमक्या कोनत्या नळीतून रीनाले ते पानी गेलं, साहेब म्हनते सांगता येत नाई. लोकं मले ते आयकवतात, मैना, तुह्यीच असन असं नाई. मले त्यात सुख नाई वाटत.

अंकुश परत आला. दुसऱ्या दिवशी तोही इतरायच्या घरी खोदाले गेला.

मैना


[गावाकडून आलेलं पत्र. अक्षर दामिनीचं.]

६ फेब्रुवारी २०२४

मैना,

दामिनीच्या हातानं लिवून घेऊन राह्यली. मी सांगते तसंच लिव म्हनलं तिले.

तुह्यी सारी पत्रं आली. पोरगी बरी आहे. तलावावर माह्यासंग येते, शिंगाडे काढते, जेवते.

पानी खराब होतं याचा मले राग होता. तो आता एवढा नाई. आमीही इथी कोनतं चांगलं पानी पितो? पन तू माह्या लेकीले सांगतलं, आईजवळ बोलू नोको. ती तीन महिने माह्या बाजूले झोपली, मी तुले शिव्या देत होती, ऑफिसवाल्यायले देत होती, आन ती आयकत होती. पोटात एवढं घेऊन. एक दिवस मी तिलेच बोलली, का तुले स्वच्छ राह्यता येत नाई, तूच कुठी काही खाल्लं असन. तवाही ती गप्प राह्यली. हे मी कशी इसरू, ते तू सांग.

तुह्यं डिसेंबरचं पत्र वाचताना ती मधातच थांबली. मी म्हनलं, वाच. तिनं पुरं वाचलं आन मंग जे रडली ते सांजवेळपर्यंत. त्या दिवसापासून ती बोलाले लागली. ते बी सांगून ठेवते.

इथी येऊ नोको.

सुकरी

मावशी, वरचं आईनं सांगितलं तसंच लिहिलं आहे. मला शाळेत जायचं आहे. – दामिनी


घुग्घुस, ९ मे २०२४

बाई,

तुह्यं पत्र मी घरात एकटी असताना वाचलं. मंग अंकुशले वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तू विचारलं, हे कशी इसरू. इसरू नोको.

येऊ नोको म्हनली, म्हनून येत नाई. इथलं सांगते.

लाईन बदलली. नालीच्या काठून उचलून आता रस्त्याच्या बाजूनं, सिमेंटच्या ओट्यावरून नेली आहे, डोळ्याले दिसते अशी. सात सांगतले होते, पाचच नळ आले. दोनाची मंजुरी अडकली आहे, त्यासाठी आमी दर सोमवारी ऑफिसात जातो. पानी अजूनही एक दिवसाआडच येते. कोळशाची धूळ तेवढीच आहे. पन फेब्रुवारीपासून कावीळीचा नवीन मानूस एकही नाई. सरकारी दवाखान्याची आशाताई दर घरी विचारून जाते, तिच्या वहीत तसं लिवलं आहे.

नळाच्या पान्यात औषध आहे का नाई ते दर आठवड्याले तपासावं लागते. बाटलीत पानी घ्यायचं, तपासाच्या दवाईचे दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला म्हंजे ठीक. साहेब म्हनले, दोन बाया ठरवा, आमी सामान देतो. सभेत मी हात वर केला. कोनी काही बोलाच्या आत मांगून आवाज आला, "दुसरं नाव माह्यं लिवा."

ललिताकाकू होती. पाच महिन्यात पयल्यांदा सभेत आली होती. माह्याकडे न पाहताच साहेबाले म्हनली, "हिच्यावर माह्या भरोसा नाई. म्हनून मी संग राहीन."

तवापासून दर शुक्रवारी आमी दोघी पाचही नळायवर जातो. मी बाटली धरते, ती थेंब टाकते. रंग ती पाहते, वहीत मी लिवते, लिवलेलं ती आपल्या लेकीच्या पोराकडून वाचून घेते. कामाशिवाय एक शब्द नाई. पन एकही शुक्रवार तिनं चुकवला नाई.

दामिनीचा शाळेचा दाखला मी मॅडमकडून काढून घेतला. या पत्रासंग धाडते. कोनत्याही शाळेत चालन. माह्या घरी ठेव असं मी म्हनत नाई. पन जूनमध्ये तिले कुठीतरी बसव बाई. एक वर्स माह्यापायी गेलं, दुसरं जाऊ देऊ नोको.

मैना


घुग्घुस, १४ जुलै २०२४

बाई,

तुह्यं कार्ड आलं, गावातल्या मास्तरायच्या हातचं; हे पत्रही त्यायच्याकडूनच वाचून घेजो. चारच ओळी होत्या: 'दामिनीले चंद्रपूरच्या होस्टेलात टाकलं. नववी. रविवारी भेटू देते. जाजो.' मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाई, तू हसशीन.

आज गेली. अंकुशले म्हनलं चल, तर तो बसस्टँडपर्यंत आला आन तिथंच थांबला. म्हने, "पयले तू जा. तिनं विचारलं तर मी पुढच्या रविवारी येईन." तिच्यासाठी त्यानं कंपास आनली होती, ती माह्याजवळ देल्ली.

होस्टेलच्या गेटवर वॉर्डनबाईनं नाव लिवून घेतलं, नातं विचारलं. मी मावशी म्हनलं. दामिनी भायेर आली तर मी ओळखलीच नाई, एवढी उंच झाली. आमी आवारातल्या बाकावर बसलो. मी आदी तिले जेवू घातलं. पोळी, वांग्याची भाजी, सुकट. दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी. तू विचारशीन म्हनून लिवलं.

मंग मी म्हनलं, "दामिनी, पत्रात लिवनं सोपं होतं. आज तुह्या तोंडावर म्हनते. तू मले दोनदा सांगतलं आन मी तुले गप्प केलं. माह्यं चुकलं."

ती बोटात ओढनी गुंडाळत राह्यली. मंग म्हनली, "मावशी, मले पोलिसाची भीती नव्हती वाटत. मले वाटे, मी सांगतलं तर आई तुह्याशी कधीच बोलनार नाई. मंग तुह्यं कोन आहे?"

बाई, पंधरा वर्साची पोरगी. आपन दोघी भांडत होतो आन ही आपल्या दोघींले धरून उभी होती.

मी तिले सांगतलं, आता हे काम तू करू नोको, ते आमचं आहे, तू आपली गनितं कर. तवा हसली जराशी. विज्ञानाच्या सरायचं शिकवलेलं समजते म्हने, इंग्रजी जड जाते. तिच्या खोलीत आठ पोरी आहेत, एक सिरोंच्याकडची आहे, ती तेलुगूत बडबडते, ते हिले आता समजाले लागलं.

मंग तिनं विचारलं, "ललिताआजी कशी आहे?"

मी खरं सांगतलं. म्हनलं, "शुक्रवारी संग असते. कामापुरतं बोलते. एरवी नाई."

"तू तिच्या घरी जाते का?"

"नाई. त्या दिवशी तट्टी लावली तवापासून नाई गेली. कोन्या तोंडानं जाऊ?"

"जात जा," दामिनी म्हनली. "नाई उघडलं तरी जात जा. आईही तुह्यं पत्र आलं का म्हने, ठेव तिकडं, मले नाई आयकाचं. मंग सांजी भांडे घासून झाले का चुलीपाशी बसे आन म्हने, वाच. वाचून झालं का चुलीतलं लाकूड सारे. मंग म्हने, पुन्हा एकदा वाच."

बाई, हे तिनं मले सांगतलं म्हनून तिच्यावर रागावजो नोको. तिले आता गप्प बसाले सांगनार नाई, असं मी तिले वचन देऊन आली आहे, ते तुह्या वतीनंही देल्लं.

घंटा झाली, ती आत गेली. गेटपाशी वळून हात केला.

सांज झाली आहे. हे पत्र बंद करते आन ललिताकाकूकडे जाऊन येते.

मैना